ड्राइव्हवर आहे म्हणून लॅपटॉपवरून उडवलं? या चुका टाळा

माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप ‘डिस्क फुल’ म्हणून कुरकुरायला लागला. तिने लग्नाच्या फोटोंचं अख्खं फोल्डर उडवलं आणि रिसायकल बिनही रिकामी केली. ‘क्लाउडवर आहेतच की सगळे!’ दीड महिन्याने अल्बम करायचा म्हणून फोटो शोधले तर क्लाउडवरही नाहीत. मग मला फोन. तिला वाटत होतं सेवेत बिघाड झालाय. खरं तर सेवेने तिने सांगितलं तेच, तंतोतंत केलं होतं.

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड, कुठलंही घ्या, कारभार साधारण सारखाच. लॅपटॉपवर एक छोटं अ‍ॅप ठरावीक फोल्डरवर नजर ठेवून बसलेलं असतं. काही नवं आलं, बदललं किंवा गेलं की ते सर्व्हरला कळवतं आणि सर्व्हर तुमच्या बाकीच्या उपकरणांना. यातलं ‘गेलं’ हेच आपण विसरतो. फाइल डिलीट करणं हासुद्धा त्याच्या लेखी एक बदल. तो बदल फोनवर, ऑफिसच्या पीसीवर, वेबवर, सगळीकडे पोचवणं हेच तर सिंकचं, म्हणजे सगळ्या प्रती सारख्या ठेवण्याचं, काम.

अशी फाइल लगेच नाहीशी होत नाही. गुगल ड्राइव्हचा ट्रॅश 30 दिवस ठेवतो, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्याची रिसायकल बिनही 30 दिवस. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो. लॅपटॉपची बिन रिकामी केली तरी वेबवरची ही बिन वेगळी असते. म्हणजे काही हरवलं तर पहिलं काम, ब्राउझरमधून लॉगिन करून तिथे बघणं. बहिणीने ते पहिल्या महिन्यात केलं असतं तर फोटो दोन मिनिटांत परत आले असते.

तिला हवी होती फक्त लॅपटॉपवरची जागा. त्याची सोय वेगळी आहे. वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडायचं. फाइल क्लाउडवर राहते, लॅपटॉपवर उरतं फक्त नाव. गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन प्रकार आहेत, त्यातला स्ट्रीम हेच करतो. फोनवर गुगल फोटोजमध्येही ‘फ्री अप स्पेस’ आहे. ते बॅकअप झालेल्या फोटोंची फोनवरची प्रत काढतं, क्लाउडवरची ठेवतं. पण त्याच अ‍ॅपमध्ये फोटो निवडून कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलंत, तर दोन्हीकडून गेला!

आता याची उलटी चूक. फाइलचं नाव दिसतंय म्हणजे फाइल लॅपटॉपवर आहे, असं धरून चालणं. वनड्राइव्हमध्ये नावाशेजारी निळ्या कडेचा ढग असेल तर ती फक्त वर आहे. हिरवी बरोबरची खूण असेल तरच खाली आहे. एसटीत बसून घाटात प्रेझेंटेशन उघडायला गेलात आणि ढग दिसला, तर पुढच्या गावची रेंज येईपर्यंत वाट बघा. आदल्या रात्री त्या फोल्डरवर ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवायचं.

आणि गुगल डॉक्सच्या फाइली तर आणखी फसव्या. कॉम्प्युटरवर ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये त्या ‘.जीडॉक’ म्हणून दिसतात, पण आत मजकूर नसतोच, असतो फक्त पत्ता. ती पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलेली मुलं मी पाहिली आहेत. समोर रांग, मागे सबमिशनची वेळ आणि स्क्रीनवर लॉगिनचं पान. घरूनच ‘डाउनलोड’मधून पीडीएफ काढून न्यायची.

‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची फाइल दिसली की लोक घाबरून ती डिलीट करतात. थांबा. ती का आली ते कळलं की भीती जाते. समजा घरच्या लॅपटॉपवर नेट नव्हतं आणि तुम्ही एक्सेलमध्ये एप्रिलचे आकडे भरले. त्याच वेळी ऑफिसमध्ये सहकाऱ्याने तीच फाइल उघडून मे भरला. नेट आलं, दोन्ही प्रती सर्व्हरवर पोचल्या. कुठली खरी हे त्याने कसं ठरवावं? म्हणून ड्रॉपबॉक्ससारखी सेवा दोन्ही ठेवते, एकीला ते नाव देते आणि निवाडा तुमच्यावर सोडते. दोन्ही उघडून ताडून पाहा, एकीत सगळं आणा, मगच दुसरी काढा. एकाच वेळी अनेकांनी लिहायचं असेल तर गुगल शीट्ससारखं साधन बरं, तिथे बदल फाइलभर न जाता तुकड्या-तुकड्याने जुळवले जातात.

हिशेबाच्या टॅलीचा चालू डेटा किंवा आउटलुकची पीएसटी फाइल (ज्यात तुमचे मेल साठतात) सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. असा डेटा प्रोग्राम सतत उघडा ठेवतो आणि आत लिहीत राहतो. सिंकवाला मध्येच उचलायला गेला की अर्धवट प्रत वर जायची भीती असते. दोन कॉम्प्युटरवरून तेच चाललं तर बघायलाच नको. दुकान बंद करताना टॅलीतून बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हवर टाका.

सिंक अडकलं तर लगेच अ‍ॅप काढून पुन्हा टाकायची घाई नको. वर न गेलेले बदल त्यात हरवू शकतात. आधी घड्याळाजवळचं चिन्ह बघा. बॅटरी सेव्हर चालू असेल किंवा विंडोजने मोबाइल हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून-मापून डेटा वापरायचं कनेक्शन, धरलं असेल, तर वनड्राइव्ह आपणहून थांबतं. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दिसणारं कोलन किंवा तिरकी रेघ असेल तर विंडोज ते नाव घेत नाही. मॅकवरून आलेल्या फाइलींना हे हमखास होतं.

नाहीतर जागा संपलेली असते. गुगलच्या फुकटच्या 15 जीबीत ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज तिघांचं बिऱ्हाड आहे. 1 जून 2021 पासून चढवलेले कमी दर्जाचे फोटोही त्यात मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा. म्हणजे फॅमिली ग्रुपवरच्या सुप्रभातच्या व्हिडिओंचं भाडं तुम्हीच भरताय. जागा संपली की जीमेलवर मेल येणंही बंद होतं. ड्राइव्हच्या ‘स्टोरेज’वर टिचकी मारली की फाइली आकाराप्रमाणे लागतात, तिथून सुरुवात करा. ट्रॅशमधल्या फाइलीही जागा खातात, तो रिकामा करा, पण आत काय आहे ते एकदा बघून.

कॉलेजच्या ईमेलवर प्रोजेक्ट ठेवणाऱ्यांनी निकालाची वाट न बघता ‘गुगल टेकआउट’ने, म्हणजे खात्यातला डेटा एकत्र उतरवून घ्यायच्या गुगलच्या सोयीने, सगळं काढून घ्यावं. खातं संस्थेचं असतं, ते कधी बंद करायचं हे संस्थाच ठरवते. शेअर केलेल्या फाइलीचंही तसंच. ‘शेअर्ड विथ मी’मध्ये दिसणारी फाइल दुसऱ्याच्या मालकीची असते. त्याने कायमची उडवली की तुमच्याकडूनही जाते. कामाची असेल तर ‘मेक अ कॉपी’ करून ठेवा.

बहिणीचे फोटो शेवटी फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर सापडले. ती डिस्क कुठल्याही क्लाउडला जोडलेली नव्हती, म्हणूनच वाचली. आता तिने तशीच एक टेराबाइटची डिस्क घेतली आहे. महिन्यातून एकदा फोटो त्यात उतरवते, वायर काढते आणि कपाटात साड्यांखाली ठेवून देते.