रीफ टाकीतलं लाल शेवाळ कसं आवरायचं

सकाळी दिवे लागताना वाळू बऱ्यापैकी स्वच्छ असते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर मरून रंगाचा बुळबुळीत थर चढतो, त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले. रीफ, म्हणजे कोरल (प्रवाळ) असलेली खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. बोलताना सगळे याला लाल शेवाळ म्हणतात, पण हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. म्हणूनच शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि खेकडे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पाच-सहा गोगलगायी जास्त सोडून प्रश्न सुटेल, ही आशा सोडलेली बरी.

बाटलीतलं औषध ओतून टाकी दोन-तीन दिवसांत लख्ख होते, हे खरं. पण ज्या कारणाने थर आला ते कारण तसंच राहिलं, तर काही आठवड्यांत तो पुन्हा हजर होतो. त्यामुळे खालचा क्रम पाळा, आणि औषध शेवटी का ठेवलंय ते पुढे येईलच.

आधी ओळख पटवा

एखादी ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज घेऊन थरावर पाण्याचा हलका झोत मारा. सायनो असेल तर अख्खा पापुद्रा कडेपासून सुटून उचलला जातो. तपकिरी धूळ नुसती उडाली आणि टाकी नवी असली, तर ते डायटम, म्हणजे सिलिकेटचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते बहुधा आपोआप ओसरतात.

खरी गफलत होते ती डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशीय सूक्ष्म जीवांशी. तेही बुळबुळीत, त्यातही बुडबुडे, पण रंग तपकिरी आणि खडकावरून शेंबडासारखे धागे लोंबतात. गोगलगायी उलट्या पडून मरायला लागल्या तर संशय पक्का करा. घरच्या घरी करण्यासारखी चाचणी अशी: थराचा तुकडा टाकीच्याच पाण्यात घेऊन झाकणाच्या बाटलीत जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्या पाण्यात पुन्हा धागे जमले तर डायनो असण्याची शक्यता मोठी. सूक्ष्मदर्शक मिळाला तर प्रश्नच मिटतो. सायनो म्हणजे एकापुढे एक पेशी जोडलेले लांब तंतू. डायनो म्हणजे सुट्या, लंबगोल, फिरणाऱ्या पेशी. ही खातरजमा टाळू नका, कारण सायनोवर चालणारं प्रतिजैविक डायनोचं काहीही बिघडवत नाही, उलट त्यांना मोकळी जागा करून देतं.

थर ओढून काढा

हे काम दुपारनंतर करा, तेव्हा थर जाड झालेला असतो आणि बुडबुड्यांमुळे सैलही. पंप आणि वेव्हमेकर (टाकीत पाण्याचा प्रवाह तयार करणारा पंखा) दहा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर तुकडे टाकीभर पसरतील. साधारण 6 मिलिमीटरची नळी एखाद्या ताठ काडीला बांधली की टोक हवं तिथे नेता येतं. नळीचं तोंड पापुद्र्याच्या कडेला टेकवा आणि तो आतल्या बाजूला गुंडाळत न्या. नीट जमलं तर वाळू खाली राहते आणि थर तेवढा निघतो.

नळी तोंडाने ओढून सुरू करू नका. काही सायनोबॅक्टेरिया विष तयार करतात, आणि टाकीत झोअँथिड जातीची कोरल असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन त्याहून धोकादायक. नळी पाण्याने पूर्ण भरून, टोक बोटाने दाबून खाली सोडली की काम होतं.

काढलेलं पाणी पाणीबदलातच धरून फेकून द्या. दर दोन-तीन दिवसांनी हे केलं तर फरक दिसतो. वाळू ढवळायची झाली तर एका वेळी पाव भागापेक्षा जास्त नको; खाली साठलेला गाळ एकदम वर आला तर वेगळंच संकट उभं राहतं.

प्रवाह बघा

थर पहिल्यांदा कुठे दिसतो हे लक्षात ठेवा. बहुतेक वेळा ती जागा खडकामागची किंवा पुढच्या काचेलगतची असते, जिथे पाणी रेंगाळतं आणि गाळ बसतो. खडकावर ड्रॉपरने फुंकर मारा आणि उडालेला गाळ कुठे जाऊन टेकतो ते पाहा. वेव्हमेकरचं तोंड तिकडे वळवा. मिश्र कोरलच्या टाकीत तासाला टाकीच्या 20 ते 40 पट पाणी फिरावं असा सर्वसाधारण अंदाज आहे, म्हणजे 200 लिटरला 4,000 ते 8,000 लिटर. पंपावर लिहिलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. पात्यांवर कॅल्शियमचं कीटण चढलं की प्रवाह घटतो. पंप काढून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, ब्रशने घासा, धुऊन परत लावा.

आता नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. सायनो म्हणजे पाणी घाण, म्हणून खाणं तोडा, फॉस्फेट शोषणारं माध्यम वाढवा, आकडे शून्यावर आणा, असा सरधोपट सल्ला मिळतो. आकडे खरोखरच चढलेले असतील तर तो ठीक आहे. पण नायट्रेट शून्य दाखवणाऱ्या टाकीतही सायनो मजेत वाढतो. त्याच्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या वायुरूप नायट्रोजनवर भागवतात, आणि थराखाली अडकलेल्या गाळातून त्यांना फॉस्फेट मिळत राहतं. हे वरच्या पाण्याच्या टेस्टमध्ये दिसत नाही. अशा टाकीत आकडे आणखी खाली ओढले की उपाशी राहतात ते कोरल आणि सायनोशी जागेसाठी स्पर्धा करणारे इतर जीव.

नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम या पट्ट्यात बहुतेक टाक्या सुखात असतात.

दोन्ही जास्त असतील तर गोठवलेलं खाद्य वितळवून, गाळणीत धुऊन मग घाला. आठवड्याला 10 ते 15 टक्के पाणी बदला. स्किमरचा (फेसातून घाण वेगळी काढणाऱ्या यंत्राचा) कप आणि मान स्वच्छ ठेवा. वरून घालायच्या आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य येतोय ना, तेही बघा. फॉस्फेटचं माध्यम वापरायचं तर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा, कारण फॉस्फेट झटकन पडलं की कोरल फिकटतात. कोरड्या खडकावर उभारलेल्या टाकीत खडकातूनच कित्येक महिने फॉस्फेट झिरपत असतं, तिथे धीर धरावा लागतो.

नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र हजर असेल, तर व्होडका, व्हिनेगर किंवा तत्सम कार्बन डोसिंग (जिवाणूंना खाद्य म्हणून कार्बन घालणं) चालू आहे का ते आधी पाहा आणि हळूहळू कमी करा. खाणं थोडं वाढवा. तरीही नायट्रेट वर येत नसेल तर शुद्ध पोटॅशियम नायट्रेट घालता येतं: 100 लिटर पाण्यात 1 पीपीएम वाढवायला साधारण 0.16 ग्रॅम. दिवसाला एवढंच, आणि दर दोन दिवसांनी मोजणी. दोन्ही शून्य असतील तर फॉस्फेटचं माध्यम काढून ठेवा आणि स्किमर काही तास बंद ठेवा.

प्रकाश, आणि अगदीच वेळ आली तर औषध

दिव्यांची वेळ दोन तासांनी कमी करून बघा. हट्टी थरासाठी तीन दिवस पूर्ण अंधार करता येतो. निरोगी कोरल तेवढं सहन करतात. मात्र आधी होईल तेवढा थर ओढून काढा आणि अंधारात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा, कारण मरणारा थर सडताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. अंधार संपल्यावर पाणी बदला आणि दिव्यांची तीव्रता दोन-तीन दिवसांत पूर्ववत आणा.

एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सायनोला मारतं यात शंका नाही. पण ते इतर जिवाणूंनाही लागतं, त्यात अमोनिया पचवणारेही आले. वर वारंवार वापराने प्रतिकार वाढतो. वरचं सगळं करून दीड-दोन महिने झाले आणि थर कोरलवर चढायला लागला, तरच त्याकडे वळा. टाकीत खरोखर किती पाणी आहे ते खडक आणि वाळू वजा करून मोजा, सक्रिय कार्बनचा फिल्टर आणि यूव्ही दिवा बंद करा, हवा भरपूर सोडा. स्किमर फसफसून कप ओसंडणार हे धरून चाला. मुदत संपली की मोठा पाणीबदल करा, ताजा कार्बन लावा आणि पुढचा आठवडाभर अमोनिया मोजत राहा.

टाकी सावरायला महिना-दीड महिना लागतो, आणि या काळात एका वेळी एकच बदल केला तरच कशाचा उपयोग झाला ते कळतं. सम्पच्या (उपकरणं ठेवायच्या जोडटाकीच्या) एखाद्या कोपऱ्यात किंवा काचेच्या तळाशी नखाएवढा ठिपका उरला आणि तो पसरत नसेल, तर त्याच्या मागे लागू नका.