बाळ घरी येण्याआधी : तयारी रात्रीची करा

नव्या बाळाची तयारी म्हटलं की सगळ्यात आधी खरेदीची यादी निघते. माझीही निघाली होती. सगळं धुऊन, वाळवून, घड्या घालून कपाटात रचून ठेवलं होतं. दवाखान्यातून घरी आलो त्या पहिल्याच रात्री अडीचच्या सुमाराला बाळाने शी केली आणि लक्षात आलं, की हात पोचेल अशा जागी एकही कोरडा लंगोट नाही. टाक्यांमुळे मला पटकन उठता येईना, नवरा मोबाइलच्या उजेडात कपाटातल्या घड्या उपसतोय आणि उघडं पडलेलं बाळ टाहो फोडतंय. वस्तू सगळ्या होत्या, फक्त त्यांची जागा चुकली होती.

तेव्हापासून पहिलटकरणींना मी हेच सांगत आले आहे : तयारी रात्रीची करा. दिवसा काहीही निभावून जातं. कोणीतरी जागं असतं, डॉक्टरांना विचारता येतं. रात्री मात्र जे हाताशी आहे आणि जे आधीच ठरलंय, तेवढंच कामाला येतं.

पायरी १ : आधी माणसं ठरवा, मग वस्तू

सातवा महिना लागला की नवरा-बायकोने निवांत बसून एक गोष्ट बोलून घ्यावी : रात्री कोण काय करणार? "बघू तेव्हाचं तेव्हा" असं म्हटलं, की सगळं आईवर येऊन पडतं. नवजात बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं हे खरं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. दिवस-रात्रीचा फरक त्याला अजून कळत नाही.

आमच्याकडे ठरलं ते असं : पाजणं माझं, त्याआधी लंगोट बदलणं आणि नंतर ढेकर काढून झोपवणं नवऱ्याचं. शिवाय दोघांपैकी प्रत्येकाला दिवसभरात एकदा तरी सलग चार तास झोप मिळालीच पाहिजे, मग ती दुपारी का असेना. आजी किंवा मावशी मदतीला येणार असतील, तर त्यांनाही नेमकं काम सांगा. "बाळाला मी बघते, तू घरचं बघ" हे कानाला गोड लागतं, पण बाळंतिणीला बहुतेक वेळा उलटं हवं असतं. घरचं कोणीतरी बघावं आणि तिने बाळाला घेऊन पडून राहावं.

बाळाला रोज हाताळणाऱ्या मोठ्या माणसांनी डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घ्यावी का, हे डॉक्टरांना आताच विचारून घ्या. भेटायला येणाऱ्यांसाठी नियमही आताच ठरवा : हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यायचं, तोंडाचे मुके घ्यायचे नाहीत, सर्दी-खोकला असेल तर यायचं नाही. हे सांगायचं काम वडिलांनी घ्यावं. बाळंतिणीला वाईटपणा घ्यायला लावू नका.

पायरी २ : बॅग ३६व्या आठवड्यापर्यंत दाराशी

बॅगेत आईचे पुढून उघडणारे दोन-तीन सैल कपडे, मोठे सॅनिटरी पॅड, बाळाची तीन-चार झबली, टोपडं, मोजे, मऊ दुपटी, लंगोट किंवा डायपर, फोनचा चार्जर आणि तपासण्यांची फाइल एवढं पुरे. फाइल सगळ्यात वर ठेवा. रात्री कळा सुरू झाल्या तर कोणत्या वाहनाने जायचं आणि ते मिळालं नाही तर दुसरी सोय काय, हेही पक्कं करा. गाडीने जाणार असाल तर बाळाच्या परतीच्या प्रवासासाठी मागच्या दिशेला तोंड असलेली कार सीट आधीच बसवून बघा. तिचे पट्टे शिकायला वेळ लागतो.

पायरी ३ : झोपायची जागा

याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. बाळाला उताणं झोपवायचं, प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलासुद्धा. गादी सपाट आणि घट्ट, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बाकी काही नाही. उशी नको, जाड पांघरूण नको, कडेला लोड किंवा मऊ खेळणी नकोत. पाळणा किंवा खाट आई-वडिलांच्याच खोलीत असावी, पण बाळाची जागा वेगळी. निदान पहिले सहा महिने हीच व्यवस्था ठेवा.

"उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर घशात अडकेल," ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. प्रत्यक्षात उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेलं दूध पुन्हा खाली अन्ननलिकेतच उतरतं. पालथं झोपवलं की ती रचना उलटी होते. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि नंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ढेकर काढा, थोडा वेळ उभं धरा, पण खाली ठेवताना उताणंच ठेवा.

थंडी वाटेल म्हणून पांघरुणं चढवण्यापेक्षा, तुम्हाला त्या खोलीत जेवढे कपडे पुरतात त्यावर एक थर जास्त, असा हिशेब ठेवा. बाळाच्या मानेमागे किंवा छातीला हात लावून बघा. हाताला घाम लागला तर एक थर कमी करा. तळहात-तळपाय गार असणं नेहमीचंच आहे, त्यावरून ठरवू नका.

पाजताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागणं फार धोक्याचं. झोप अनावर झाली असेल तर जोडीदाराला उठवा आणि बाळ त्याच्या हातात द्या.

पायरी ४ : एका हाताने चालणारा कोपरा

पलंगाजवळ एक टोपली ठेवा. तिच्यात सहा-सात लंगोट किंवा डायपर, पुसायला मऊ सुती फडकी, पाण्याची छोटी बाटली, कपड्यांचा एक जोड, दोन दुपटी आणि खराब कपड्यांसाठी पिशवी. शेजारी मंद दिवा. ही टोपली रोज संध्याकाळी भरायची, आणि कोणी भरायची तेही ठरलेलं असू द्या. दिवसाला दहा-बारा वेळा बदलावं लागतं, त्यामुळे कालची भरलेली टोपली आज रिकामी असते.

बदलताना क्रम असा : नवा लंगोट आधी उलगडून बाळाच्या खाली सरकवायचा, मग जुना सोडायचा. एक हात कायम बाळाच्या पोटावर. दोन्ही पाय घोट्याशी एका हातात हलकेच धरून कंबर जराशी उचलायची आणि पुसायचं. मुलगी असेल तर पुढून मागेच पुसायचं, नाहीतर शीचे जंतू लघवीच्या मार्गाकडे जातात. जांघेच्या घड्या कोरड्या झाल्याशिवाय बांधायचं नाही. नाळेचा तुकडा गळेपर्यंत डायपरची वरची कड त्याच्या खाली दुमडायची.

पहिले एक-दोन दिवस शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. घाबरू नका. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी होते.

पायरी ५ : दूध

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी लावावं आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं. पाणी नाही, मध नाही. मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो, म्हणून वर्षभर मधाचं बोटसुद्धा नको.

पहिल्या दिवशी येणारं दाट, पिवळसर चीकदूध एका वेळेला जेमतेम चमचाभर असतं. "दूधच नाही" ही हाकाटी इथूनच सुरू होते आणि आईचा धीर सुटतो. बाळाचं पोटही त्या दिवशी तेवढंच लहान असतं. भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात आणि बाळ जितकं ओढेल तितकं ते वाढतं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनाला येतं. वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं तर मात्र डॉक्टरांनी पाजणं प्रत्यक्ष बघायला हवं.

भुकेसाठी रडण्याची वाट बघू नका. बाळ मूठ तोंडाशी नेतं, ओठ चाटतं, मान वळवून शोधायला लागतं, तेव्हाच घ्या. रडून लाल झालेल्या बाळाला नीट लागता येत नाही.

आता लावायचं कसं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं हवं, मान पिळलेली नको. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला हलकेच लावा आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ होईपर्यंत थांबा. मग बाळाला जवळ ओढा; तुम्ही बाळावर वाकू नका, पाठ जाते. तोंडात नुसतं टोक नाही, भोवतालचा काळसर भागही गेला पाहिजे. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि थोड्या वेळाने गिळण्याचा बारीकसा आवाज. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं, तर सोसत बसू नका. करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, ओढ सुटते, मग पुन्हा लावा. रात्रीच्या एका पाजण्यात मी चार-चार वेळा असं केलेलं आहे आणि आठवड्याभरात ते जमलं.

दूध पुरतंय का, याचं उत्तर लंगोटात असतं. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाचव्या दिवसानंतर रोज निदान सहा ओले लंगोट.

आईचं दूध देता येत नसेल किंवा पुरत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचं दूध द्या आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पाणी आणि पावडर यांचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, अंदाजाने पातळ करायचं नाही. बाटलीत उरलेलं दूध पुढच्या वेळेला वापरू नका. काढून ठेवलेलं आईचं दूध साधारण २५ अंश तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं.

पायरी ६ : अंघोळ आणि नाळ

पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवावी. अंगावरचा पांढरा लेप त्वचेला राखतो, तो खरवडायचा नाही. नाळ गळेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी भागतं. नाळेला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही लावू नका, फक्त कोरडी ठेवा. पाणी कोपराने तपासा : कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. लागणारं सगळं आधी काढून ठेवा, कारण पाण्यातल्या बाळाला क्षणभरही एकटं सोडता येत नाही.

पायरी ७ : भिंतीवरचा कागद

हा कागद बाळ यायच्या आधीच लिहा, मोठ्या अक्षरात, आणि पलंगाजवळ चिकटवा. वर डॉक्टरांचा आणि रात्री सुरू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. खाली हे : काखेत ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप, छातीशी धरूनही अंग गारच राहणं, पाजायला उठवूनही न उठणं किंवा दूध न ओढणं, मिनिटाला साठाहून जास्त श्वास, कण्हणं, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळे पडणं, झटके, हिरवी उलटी, पहिले दोन दिवस सोडले तर आठ तासांत एकही शू नाही, नाळेभोवती पसरणारी लाली किंवा पू. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही आणि घरातलं औषधही द्यायचं नाही. म्हणून थर्मामीटर घेऊन ठेवा आणि वापरायला आधी शिका.

काविळीचं वेगळं सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येणारा पिवळेपणा पुष्कळ बाळांना असतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. पण पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर लगेच दाखवा. दिवसाच्या उजेडात खिडकीशी नेऊन बघा, पिवळ्या दिव्याखाली कळत नाही.

त्याच कागदावर आईसाठीही जागा ठेवा, ती हमखास राहून जाते. तासाभरात पूर्ण पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे धूसर होणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर तिला ताबडतोब दवाखान्यात न्या. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं. ते दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

रडणं थांबतच नाही तेव्हा

पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी बाळ रडतंय, अशा रात्री येणारच. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. नुसत्या लंगोटावर बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, वडिलांनीसुद्धा. कोलंबिया देशातल्या बोगोटामध्ये १९७८ साली कमी दिवसांच्या बाळांसाठी सुरू झालेली ही कांगारू पद्धत पूर्ण दिवसांच्या बाळालाही शांत करते. हळू आवाजात गुणगुणा, चाला. आणि आपलाच संयम सुटतोय असं वाटलं, तर बाळाला त्याच्या जागी उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

शेवटची पायरी : एक रंगीत तालीम

नववा महिना लागला की एका रात्री दिवे मालवा. टॉवेलची गुंडाळी करून ती बाळाच्या जागी ठेवा. आईने पलंगावरून न उठता आणि बाबांनी झोपेतून उठल्यासारखं, मंद दिव्यात लंगोट बदलून बघा : फडकं कुठे आहे, पाणी कुठे आहे, खराब कपडा कुठे टाकायचा, कागदावरचा नंबर या उजेडात वाचता येतोय का. हात जिथे अडखळला, ती वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी हलवून ठेवा आणि त्या रात्री पुन्हा एकदा करून बघा.