सोशल अँग्झायटीसाठी माइंडफुलनेस करताय? मग या चुका टाळा

सोशल अँग्झायटी म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील याची चारचौघांत वाटणारी भीती, आणि माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे चांगलं-वाईट न ठरवता लक्ष देणं. सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती मी दोन वर्षं केली. हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये माझा नंबर जवळ आला की मी लक्ष आत वळवायचे, छाती किती धडधडतेय, आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का, आणि मला वाटायचं हाच माइंडफुलनेस. तो नाहीये. ती स्वतःवर ठेवलेली पाळत आहे. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सोशल अँग्झायटीचं जे मॉडेल मांडलं त्यात नेमकं हेच आहे, माणूस घाबरला की लक्ष आत जातं, आतल्या धडधडीवरून तो ठरवतो की आपण बाहेरूनही तसेच दिसतोय, आणि समोरचा खरंच कसा बघतोय हे बघायचं राहूनच जातं. म्हणून श्वासावर लक्ष घरी, सकाळी दहा मिनिटं. चारचौघात लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर. धडधड आली तर ‘आलीये’ म्हणायचं आणि परत त्याच्या बोलण्याकडे यायचं, वीस वेळा यावं लागलं तरी चालेल.

आणि ध्यानाला बसून ‘गेली का भीती’ असं तपासू नका प्लीज, तपासलं की ती वाढते.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मी लातूरहून पुण्यात आले, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले, आणि महिन्याभरात ‘काय करायलीस’ म्हणायचं बंद केलं. मेसमध्ये एक मी, ऑफिसात दुसरी, एफसी रोडला मैत्रिणींबरोबर तिसरी. कोणी विचारलं पिक्चर कसा वाटला, तर आधी बाकीच्यांचे चेहरे बघायचे. मग एकटी असताना पण मला नक्की काय वाटलं ते सापडेना. स्वतःबद्दलची समज किती स्पष्ट आणि टिकून राहणारी आहे हे मोजायला मानसशास्त्रज्ञ जेनिफर कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १२ वाक्यांची प्रश्नावली केली, आणि ही स्पष्टता कमी असेल तिथे सोशल अँग्झायटी जास्त दिसते असं अभ्यासांत आढळलंय. मला तर हे चक्रच वाटतं, भीतीने मत दडवायचं, दडवून दडवून ते पुसट होतं, आणि पुसट झालं की समोरच्याचा चेहरा हाच आपला आरसा.

इथे माइंडफुलनेस खरा कामाला येतो. ‘हे मला पटलं नाही’ असं आत उमटतं ना, ते झाकायच्या आधी पकडा. रोज एकच, अगदी छोटं. टपरीवर सगळे चहा म्हणाले आणि तुम्हाला कॉफी हवी असेल तर कॉफी सांगा.

पण ‘मी इंट्रोव्हर्टच आहे’ म्हणून मैत्रिणीच्या लग्नाला न जाणं म्हणजे स्पष्टता नव्हे हं, त्याने फक्त घराबाहेर पडणं कमी होतं.

आणि इंटरव्ह्यू, लेक्चर, घरचे कार्यक्रम महिनोन् महिने चुकत असतील तर एकट्याने ध्यान करत बसू नका. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) करणारा थेरपिस्ट शोधा, तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पहिल्या फोनला आवाज कापेल, कापू दे, पलीकडच्यांना त्याची सवय असते.