ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्या जुन्नर भागात हे ठरलेलंच. पाचटात काहीतरी हलतं, टोळीतलं कोणीतरी "वाघाची पिल्लं!" म्हणून ओरडतं आणि बघता बघता बांधावर निम्मं गाव मोबाईल काढून उभं. मी वनखात्याच्या पथकाला हाताखाली मदत करतो, म्हणून मुकादमांनो आणि शेतकऱ्यांनो, हे वाचून ठेवा.

आधी कोयते थांबवा. माणसं मागं घ्या, कुत्री बांधा. मादी बहुतेक वेळा शेजारच्याच उसात दडलेली असते. मग वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन लावा.

फोनवर वय सांगितलंत तर आमचं निम्मं काम होतं. हात न लावता लांबूनच बघा. जन्मताना पिल्लू साधारण अर्धा किलोचं असतं, राखाडी, ठिपके एकमेकांत मिसळलेले. डोळे मिटलेले असतील तर वय जेमतेम आठ-दहा दिवस. डोळे उघडे, निळसर, आणि चालताना झोक जात असेल तर दोन-तीन आठवडे. दुधाचे दात साधारण तीन-चार आठवड्यांत फुटतात, पण ते बघायला तोंड उघडू नका, ते काम डॉक्टरांचं. फिस्कारून पळायला लागलं तर दीड-दोन महिन्यांचं धरा; या वयात ते आईनं आणलेलं मांस चाटायला, चघळायला लागतं. अंगानं इवलंसं, पण चाल पक्की असेल तर ती वाघाटीची (छोटं ठिपक्यांचं रानटी मांजर) किंवा रानमांजराची पिल्लं असू शकतात. बिबट्याचा पंजा लहानपणीच जाडजूड दिसतो.

गाईचं दूध पाजू नका. पोट बिघडतं, आणि चमच्यानं ओतलेलं दूध फुप्फुसात जातं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला अंगची ऊब धरता येत नाही, म्हणून वर पाचटाची सावली ठेवा. उघड्या उन्हात किंवा थंडीत पडू देऊ नका. घरी नेणं तर गुन्हाच आहे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा बिबट्याला पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत ठेवतो.

डॉक्टर तपासतात, गोचिड काढतात. मग मादीनं येऊन न्यावीत म्हणून पिल्लं संध्याकाळी, जिथं सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची. नारायणगावच्या बाजारातलं टोमॅटोचं क्रेट यासाठी झकास, पिल्लू बाहेर पडत नाही आणि मादीला ते पंज्यानं सहज उलटवता येतं. तेवढ्या पट्ट्यातला ऊस उभा ठेवा, तिला आडोसा लागतो. ट्रॅप कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप टिपणारा) लावून सगळ्यांनी निघून जायचं. हेच लोकांना सर्वांत जड जातं! बॅटरी मारत कोणी ना कोणी येतोच, आणि मादी लांबूनच परत फिरते.

पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतो. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र शेवटचा पर्याय. शिकार पिल्लू आईबरोबर फिरूनच शिकतं, दीड-दोन वर्षं. पिंजऱ्यात वाढलेलं बहुतेक करून पिंजऱ्यातच राहतं.

मादी पिल्लं घेऊन गेल्याचं कॅमेऱ्यात दिसलं की तो पट्टा तोडायला हरकत नाही. फक्त उजाडल्यावर, आणि आत शिरण्याआधी डबे वाजवून.