ग्रो बॅगला बुरा आलाय? आधी खोलीतले पाणी मोजा

आषाढात दाराची चौकट फुगते, पापड सादळतात आणि खोलीत ठेवलेल्या ग्रो बॅगांच्या, म्हणजे रोपे लावायच्या कापडी पिशव्यांच्या, अंगावर बुरा दिसायला लागतो. शेतात किंवा गच्चीवर वारा आणि ऊन जे काम फुकटात करून देतात, ते बंद खोलीत आपल्यालाच करावे लागते. एलईडी दिव्यांखाली मिरची, बेसिल, पुदिना, लेट्यूस किंवा रोपे घेणाऱ्यांसाठी हा सल्ला भाद्रपद संपेपर्यंतचा आहे. कोकण आणि मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात तर तो रोज लागेल.

आधी ती बुरशीच आहे ना, हे पाहा. बॅगेच्या बाहेरच्या बाजूला पांढरट, खरखरीत थर दिसतो तो बऱ्याचदा क्षारांचा असतो. विद्राव्य खताचे किंवा बोअरचे जड पाणी कापडातून झिरपते, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. ओल्या बोटाने तो थर चोळून पाहा. क्षार असेल तर विरघळतो किंवा बोटाला कणीदार लागतो, आणि चुन्याचा असेल तर व्हिनेगरच्या थेंबाने फसफसतो. बुरशी कापसासारखी असते, चोळली की तिची मळकट लोळी होते आणि कुबट वास बोटावर राहतो. हिरवा बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ. त्याने रोपाचे बिघडत नाही, पण ती जागा कधीच सुकत नाही हे त्यावरून कळते.

मातीच्या वर पांढरे कोळिष्टकासारखे जाळे आले की लोक घाबरतात. नुकतीच निंबोळी पेंड किंवा अर्धवट कुजलेले शेणखत घातले असेल तर ते जाळे त्या खतावरच जगत असते, रोपावर नाही. वरचा थर खुरप्याने हलवा आणि दोन दिवस पाणी कमी द्या, एवढे पुरते. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, घातला असेल तर आधी पांढरे आणि मग हिरवे ठिपके येतात. ते तुम्हीच पैसे देऊन आणलेले असतात, खरवडून टाकू नका! काळजी करायची ती कापडावर पसरणाऱ्या काळ्या ठिपक्यांची, खोडाच्या बुडाशी मऊ पडलेल्या सालीची आणि पानावर राखाडी लव दिसली तर तिची.

आता मूळ दुखण्याकडे. या बॅगा बहुतेक न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. बुरशीला ते प्लॅस्टिक खाता येत नाही. ती जगते कापडात अडकलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या) भुशावर, खताच्या कणांवर आणि धुळीवर. तागाच्या किंवा सुती बॅगेचे तसे नाही, तिथे कापडच खाद्य होते. म्हणून बंद खोलीत गोणपाटाच्या बॅगा वापरू नका, दिसायला कितीही छान असल्या तरी. खाद्य आणि बीजाणू (बुरशीचे हवेत उडणारे सूक्ष्म बी) प्रत्येक खोलीत असतातच, ते पूर्ण काढता येत नाहीत. आपल्या हातात उरते ते पाणी.

माझी खोली १० बाय १२ फुटांची, तीत २४ बॅगा. बॅगेला रोज अर्धा लिटर धरला तरी १२ लिटर पाणी झाले. झाड त्यातले अगदी थोडे अंगात ठेवते. बाकीचे पानांतून आणि कापडातून खोलीच्या हवेत जाते. पहिल्या पावसाळ्यात मी दिवसाला १० लिटर ओढणारे आर्द्रता कमी करणारे यंत्र आणून निर्धास्त बसलो होतो. श्रावणात एक बॅग उचलली तर खाली फरशीवर काळे वर्तुळ, कापडाच्या बुडाला ओल्या गोणपाटाचा वास, आणि बुडाच्या शिवणीत बोट घातले तर चिखल. माती वरून मात्र कोरडी होती, म्हणून मी रोज पाणी घालतच होतो. नंतर कळले की यंत्राच्या खोक्यावरचा आकडा साधारणपणे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. हवा ६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी ओढते. म्हणजे रोजच्या पाण्याच्या निदान दुप्पट क्षमतेचे यंत्र घ्या, किंवा बॅगा कमी करा. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे खोलीसाठी घेऊ नका, ते कपाटापुरतेच.

रात्रीचा हिशेब तर आणखी वेगळा. दिवे चालू असताना खोली २८ अंशावर आणि आर्द्रता ६५ टक्के, म्हणजे वरवर ठीक. दिवे बंद झाले आणि तापमान २२ वर उतरले, की तीच हवा ९३ टक्क्यांच्या आसपास जाते, एक थेंब पाणी न वाढवता. बुरशी रात्रीत वाढते ती यामुळे. म्हणून पाणी द्यायचे ते दिवे लागतात तेव्हा, मालवायच्या वेळी नाही. दिवे बंद झाल्यावर एक्झॉस्ट पंखा निदान अर्धा तास चालू ठेवा, आणि वारा फिरवणारा छोटा पंखा रात्रभर. हा पंखा झाडाच्या शेंड्यावर नको, बॅगेच्या पोटाच्या उंचीवर लावा. आर्द्रतामापकही दाराजवळ टांगू नका, दोन बॅगांच्या मध्ये ठेवा. दिवसा तो ६० ते ६५ च्या आत असावा. रात्री ७५ च्या वर टिकून राहिला तर काहीतरी बदलायलाच हवे.

बाहेर धो धो पाऊस असताना खिडकी उघडावी का, हे सगळे विचारतात. दिवे चालू असताना उघडायला हरकत नाही. बाहेरची २६ अंशाची ९० टक्के हवा ३० अंशाच्या खोलीत आली की ७१ टक्क्यांच्या आसपास भरते. आत ८० च्या वर असेल तर ती फायद्याचीच. दिवे बंद असताना आणि खोली गार असताना मात्र खिडकी लावून घ्या आणि यंत्र चालवा.

बॅगा जमिनीवर टेकवू नका. लोखंडी जाळी, उलटे क्रेट, काही नाही तर दोन विटा चालतील, पण बुडाखालून निदान चार बोटे हवा जायला हवी. दोन बॅगांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि भिंतीपासून तेवढेच. ताटलीत उतरलेले पाणी अर्ध्या तासात काढून टाका, नाहीतर बॅग ते वातीसारखे परत ओढते. पाणी कधी द्यायचे हे माती पाहून ठरवू नका, बॅग उचलून वजनावर ठरवा. चार दिवसांत हाताला अंदाज येतो.

बुरा आलेली बॅग आतच घासू नका, बीजाणू सगळ्या खोलीत उडतात. गॅलरीत न्या, पंखा बंद ठेवा, एन-९५ मास्क लावा. घरात कोणाला दमा असेल तर त्याने हे काम करू नये. औषधाच्या दुकानात १० व्हॉल्यूमचे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते, ते ३ टक्के असते. २० व्हॉल्यूमचे मिळाले तर तेवढेच पाणी घाला. त्यात फडके भिजवून पिळा आणि बॅग बाहेरून पुसा, ओतू नका. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर तो पेरॉक्साइडने मरतो, म्हणून मध्ये आठवडाभर जाऊ द्या. ट्रायकोडर्माचे नवे पाकीट आणताना मुदतीची तारीख पाहून घ्या. केवळ कापडावरच्या बुरशीसाठी ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारू नका. पाने कच्ची खायची आहेत, आणि बंद खोलीतला फवारा आधी तुमच्याच नाकात जातो.

पीक निघाल्यावर रिकामी बॅग उलटी करून कोरड्या ब्रशने झाडा. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटे बुडवा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. मग उघडीप पाहून उन्हात वाळवा, पण आठवडेच्या आठवडे उन्हात टाकून ठेवू नका, साधे पॉलिप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होते. धुऊन वाळवल्यावरही कुबट वास येत असेल किंवा शिवण सुटली असेल तर ती बॅग फेका.

मातीवर बारीक काळ्या माश्या दिसल्या तर पिवळे चिकट सापळे लावा. त्यांच्या अळ्याही ओल्या मातीतच वाढतात, उपाय तोच.

आठवड्यातून एकदा बॅगा उचलून बुडे पाहा. सगळ्या जमत नसतील तर कोपऱ्यातली, पंख्याच्या आडोशाची आधी उचला. माझ्या खोलीत काळे वर्तुळ तिथेच सापडले होते.