शब्दकोड्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे ओळखाल

पेपरातलं कोडं बहुतेक वेळा अशा शब्दावर अडतं, ज्याचे अर्थ दोन असतात अन् आपल्याला एकच आठवतो.

१. सूचनेत स्वल्पविराम, ‘किंवा’, ‘आणि’ दिसला, की तिचे तिथेच दोन तुकडे करा.

२. दोन्ही तुकड्यांचे समानार्थी शब्द पानाच्या समासात वेगवेगळे लिहा. ‘हात, शेतसारा (२)’ घ्या; कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरं. हात : कर, हस्त, बाहू. शेतसारा : कर, महसूल. दोन्हीकडे आलेला ‘कर’ हेच उत्तर. पण ‘हात, पावसाचं नक्षत्र’ असेल तर ‘हस्त’. मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रं शेतकऱ्याला तोंडपाठ असतात, त्याचा इथे फार उपयोग होतो.

३. घरं अक्षरांनुसार मोजा. जोडाक्षराला एकच घर, काना-मात्रा-अनुस्वार त्याच घरात. म्हणून ‘हस्त’ दोन घरांचा.

४. सूचना एकाच शब्दाची असेल तर उभ्या शब्दातून एक तरी अक्षर मिळेपर्यंत पेनानं लिहू नका. ‘बाण’ला शर आणि तीर दोन्ही बसतात.

तीर (बाण, काठ), अंबर (आकाश, वस्त्र), नाद (आवाज, छंद), मान (गळा, आदर), द्विज (ब्राह्मण, पक्षी, दात) अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर उतरवत जा. त्या पुन्हा पुन्हा येतात.

एक सांभाळा : कोडं सहसा प्रमाण मराठीत असतं. आपल्या विदर्भातला तीन घरांचा ‘सांभार’ तिथे चार घरांची ‘कोथिंबीर’ होतो, अन् ‘आलू’ला ‘बटाटा’च लिहावं लागतं.