ताप-खोकला असला तरी पाजणं सोडू नका

पावसाळ्यात फोंडा-डिचोलीकडे आईला फ्लू झाला की घरची मोठी माणसं आधी बाळाला तिच्यापासून लांब नेतात. मायेपोटीच, पण पाजणं तोडू नका. फ्लू किंवा कोविड पसरतो तो खोकल्याच्या तुषारांतून, दुधातून नव्हे; उलट दुधातून बाळाला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, मिळतात. दर वेळी साबणाने 20 सेकंद हात धुवा, नाकातोंडावर मास्क लावा. बाळाला मास्क कधीच नको. अंगात त्राणच नसेल तर दूध काढून द्या, आजी वाटी-चमच्याने पाजेल. गोव्याच्या उकाड्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवा. स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी टाळा, तिने दूध कमी होतं. क्षयरोगाची शंका असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.